तारेवर चढलेला जिल्हा

नवापूर तालुक्यातल्या पोल्ट्रींमध्ये २००६ च्या सुरुवातीला कोंबड्या भराभर मरू लागल्या, तेव्हा अनेक मालकांना तो राणीखेतच वाटला. राणीखेत हा पोल्ट्रीवाल्यांच्या ओळखीचा रोग. १८ फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेतला निष्कर्ष जाहीर झाला: कोंबड्यांना एच५एन१ विषाणूची लागण झाली होती. भारतातल्या कोंबड्यांमध्ये सापडलेला हा पहिला बर्ड फ्लू. त्या दिवसापासून नवापूर हे नाव जगभरच्या वृत्तसंस्थांच्या तारेवर चढले. ज्यांनी नंदुरबार जिल्ह्याचे नावही ऐकले नव्हते, त्यांना हा तालुका माहीत झाला. देशभर चिकन आणि अंड्यांची विक्री कोसळली. सीमेपलीकडे गुजरातच्या उच्छल भागातही कोंबड्या मारण्याची मोहीम गेली. नवापूरचे रेल्वे स्टेशनच अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. विषाणू राज्याच्या हद्दीवर थांबणार कसा?

त्या आठवड्यात उत्तर महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांच्या डेस्कवर नवापूरची बातमी दोन वाटांनी येत होती. एक वाट तालुक्याच्या वार्ताहराची. त्याच्या मजकुरात पोल्ट्री कोणत्या रस्त्यावर आहे, खड्डे कुठे खणले, मजूर कुठून आणले हे असायचे. दुसरी वाट वृत्तसंस्थेची. तिच्यात केंद्रीय कृषी मंत्रालय काय म्हणते, प्रयोगशाळेने किती नमुने तपासले, बाजारावर काय परिणाम झाला हे असायचे. माणसांनाही लागण झाली असावी अशा शंका तेव्हा उठल्या, नमुने तपासले गेले, आणि त्या साथीत भारतात माणसाला लागण झाल्याचे एकही प्रकरण सिद्ध झाले नाही. ‘संशयित’ आणि ‘निश्चित’ यांतले अंतर त्या दिवसांत वृत्तसंस्थेच्या मजकुरात किती काटेकोरपणे पाळले जाते, यावर हजारो कुटुंबांचा धंदा अवलंबून होता.

ही दुसरी वाट कोणाच्या मालकीची आहे, तिच्यात कोण काय घालतो आणि ती चांगली की वाईट हे कोण ठरवतो, हा या प्रकरणाचा विषय आहे. मराठी वाचक रोज तिच्यावरून येणाऱ्या बातम्या वाचतो. बातमीच्या सुरुवातीला ‘वृत्तसंस्था, नवी दिल्ली’ असे छापलेले असते आणि डोळा ते ओलांडून पुढे जातो.

एकट्या वृत्तपत्राला सगळीकडे माणूस ठेवणे परवडत नाही, म्हणून अनेकांनी मिळून खर्च वाटून घ्यायचा, ही कल्पना पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. १८४६ मध्ये न्यू यॉर्कच्या काही पत्रांनी मेक्सिकोच्या युद्धाच्या बातम्या लवकर मिळवण्याचा खर्च एकत्र उचलला; त्यातून असोसिएटेड प्रेस उभी राहिली. इंग्लंडात १८६८ मध्ये प्रेस असोसिएशन निघाली ती लंडनबाहेरच्या, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पत्रांच्या मालकांनी एकत्र येऊन. मला हा दुसरा प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. राजधानीतली बातमी आपल्या अटींवर मिळावी म्हणून मुलुखातल्या पत्रांनी स्वतःची संस्था काढली.

आपल्याकडे उलटे घडले. असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया ही के. सी. रॉय यांच्या पुढाकाराने सुरू झालेली संस्था पुढे रॉयटर्सच्या ताब्यात गेली. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले, तेव्हा देशातल्या वृत्तपत्रांना जोडणारी मुख्य तार ब्रिटिश मालकीची होती आणि युद्धकाळातले निर्बंध वर होतेच. त्याआधी मुंबईत एस. सदानंद यांनी फ्री प्रेस ही राष्ट्रीय बाण्याची वृत्तसंस्था चालवून पाहिली. सरकारी कारवाईच्या भीतीने तिच्या बातम्या छापायला पत्रे कचरू लागली, तेव्हा सदानंदांनी १९३० मध्ये स्वतःचे ‘फ्री प्रेस जर्नल’च काढले. वृत्तसंस्था काढणे एक आणि तिचा मजकूर छापणारी पत्रे पाठीशी उभी राहणे दुसरे, हे त्यांच्या अनुभवातून दिसले. २७ ऑगस्ट १९४७ ला प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया, म्हणजे आपली पीटीआय, नोंदवली गेली आणि १९४९ मध्ये तिने कारभार हाती घेतला. तिची मालकी वृत्तपत्रांकडे आहे. भागधारकांना नफा वाटायचा नाही, हे तिच्या घटनेतच लिहिले आहे. १९६१ मध्ये युनायटेड न्यूज ऑफ इंडिया, म्हणजे यूएनआय, सुरू झाली. तिच्यामागेही वृत्तपत्रेच होती.

अशा सामायिक संस्थेला सभासदाने काय द्यायचे असते, हे समजायला आता नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याकडे पाहू. पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आहे. अशा कारखान्याच्या सभासदाने शेअर घ्यायचा असतो आणि ऊसही घालायचा असतो. शेअर घेतला, सर्वसाधारण सभेत भाषण केले, साखरही उचलली, पण ऊस मात्र दिला नाही, असे सगळ्यांनीच केले तर गाळप बंद पडेल. असोसिएटेड प्रेसच्या सभासद-पत्रांवर हे बंधन पूर्वीपासून आहे: आपल्या गावची बातमी त्यांनी संस्थेला द्यायची. एखाद्या लहान शहरातल्या दैनिकात सकाळी छापलेली आगीची बातमी दुपारी देशभरच्या पत्रांसाठी तारेवर असते ती याच देवाणघेवाणीमुळे. या व्यवस्थेत क्लब होण्याचा धोकाही असतो. जुने सभासद आपल्याच शहरातल्या नव्या स्पर्धकाला आत येऊ देत नसत. १९४५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते नियम बेकायदा ठरवले.

पीटीआयची घडण वेगळी. वृत्तपत्रे तिची मालक आहेत, ग्राहकही आहेत, पण बातम्या मुख्यतः तिचे स्वतःचे पगारी पत्रकार आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे अंशकालीन वार्ताहर पुरवतात. जळगावच्या किंवा नाशिकच्या दैनिकाचा नंदुरबारचा माणूस रोज जे गोळा करतो ते त्या दैनिकाच्या पानावरच राहते. स्पर्धेच्या धंद्यात हे स्वाभाविक आहे: आपली बातमी दुसऱ्याला का द्यायची? पण त्याची किंमत नंदुरबारसारखा जिल्हा मोजतो.

ही किंमत नेमकी कशी मोजली जाते ते नीट पाहण्यासारखे आहे. जिल्ह्यातल्या धडगावच्या डोंगरातली बातमी आधी तालुक्याच्या वार्ताहराकडे येते. बहुतेक ठिकाणी हा माणूस बातमीवर पोट भरत नाही. त्याचे दुकान असते, शेती असते, शिक्षकी असते. अनेकदा जाहिराती आणि अंकांची विक्रीही त्याच्याच गळ्यात असते, त्यामुळे ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात आणायची त्याच्याविरुद्ध लिहायचे कसे, हा पेच त्याच्यापुढे कायमचा असतो. त्याची बातमी जिल्हा प्रतिनिधीकडे जाते, तिथून आवृत्तीच्या डेस्कवर. डेस्क ती ‘नंदुरबार पाना’वर लावते. हे पान फक्त नंदुरबारला जाणाऱ्या अंकात असते. म्हणजे धडगावची बातमी छापली गेली, तरी ती जळगावच्या वाचकालासुद्धा दिसत नाही, मग अमरावती किंवा गडचिरोलीचे तर बोलायलाच नको. छपाईचे तंत्र सुधारले, जिल्ह्याजिल्ह्याची वेगळी पाने निघू लागली, स्थानिक बातम्यांना पूर्वी कधी नव्हती एवढी जागा मिळाली. आणि त्याच पानांनी त्या बातम्या जिल्ह्यात कोंडून घातल्या.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण करोनाकाळातले आहे. नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराने जिल्ह्यात सप्टेंबर २०२० मध्ये हवेतून ऑक्सिजन बनवणारा पहिला प्रकल्प उभा राहिला. पुढे आणखी उभे राहिले. जिल्ह्यातल्या वाचकाला हे माहीत होते. देशभर ही गोष्ट गाजली ती एप्रिल २०२१ मध्ये, दिल्लीच्या रुग्णालयांबाहेर लोक सिलिंडरसाठी धावत होते तेव्हा. मधले सात महिने ही बातमी कुठे होती? त्यांतले काही महिने साथ ओसरली होती, जिल्ह्याजिल्ह्यांत वेळ होता, पैशाची तरतूद करता आली असती. एका आदिवासी जिल्ह्याने काय केले, त्याला काय लागले, कोणती अडचण आली, हे साध्या चारशे शब्दांत ऑक्टोबर २०२० मध्ये राज्यातल्या प्रत्येक जिल्हा पानावर लागले असते तर दुसऱ्या एखाद्या जिल्हाधिकाऱ्याने, एखाद्या जिल्हा परिषद सदस्याने, निदान एखाद्या बातमीदाराने ‘मग आपल्याकडे का नाही?’ असे विचारले असते. बातमीची गरज संकटाच्या आधी असते. तारेवर ती संकट आल्यावरच चढते, कारण तेव्हाच राजधानीला तिची गरज भासते.

टेंभलीचेही असेच. २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या या गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले आणि रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. त्या दिवशी टेंभलीची डेटलाइन सगळीकडे होती. नंतरच्या वर्षांत काही बातमीदार मुद्दाम परत गेले आणि कार्डाने गावात काय बदलले, काय बदलले नाही, ते त्यांनी लिहिले. तो पाठपुरावा मला पहिल्या दिवसाच्या बातमीपेक्षा मोलाचा वाटतो. मणिबेली या गावाचे नाव जगात गेले ते तर सरदार सरोवर धरणाविरुद्धच्या आंदोलनामुळे. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावे बाधित झाली, सगळी आजच्या अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजेच धडगाव) तालुक्यांतली. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, तोवर ही गावे धुळ्यात मोडत. १९९४ मध्ये मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये अशी मागणी करणाऱ्या जाहीरनाम्याला जगभरच्या संघटनांनी मणिबेलीचे नाव दिले. नवापूर, टेंभली आणि मणिबेली या तिन्ही ठिकाणी बातमी वर गेली ती बाहेरून कोणी तरी आल्यामुळे: विषाणू, पंतप्रधान किंवा आंदोलन.

वृत्तसंस्थेची सेवा पारखायची कशी, याचा पद्धतशीर विचार अमेरिकेत झाला. १९३३ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या सभासद-पत्रांच्या व्यवस्थापकीय संपादकांनी स्वतःची संघटना काढली. तिचे मुख्य काम होते संस्थेच्या मजकुरावर टीका करणे. कोणती बातमी उशिरा आली, कोणती अर्धवट होती, कुठे भाषा बोजड झाली, कोणता विषय सतत सुटतो, याचा अभ्यास संपादकांच्या समित्या करत आणि संस्थेच्या माणसांसमोर मांडत. मालकच परीक्षक, आणि परीक्षा उघड. दुसऱ्या महायुद्धानंतर हे अभ्यास नियमित झाले. पुढे लहान पत्रांची संख्या घटत गेली, २०१९ मध्ये ही संघटना आणि दुसरी एक संपादक-संघटना एकत्र होऊन नवी संघटना झाली.

आपल्या डेस्कवरही पारख रोज होते, फक्त ती कागदावर येत नाही. रात्रपाळीचा उपसंपादक एकाच अपघाताच्या दोन संस्थांच्या बातम्या शेजारी ठेवतो. एकीत मृतांचा आकडा जास्त, दुसरीत कमी. कोणाचा धरायचा? अनुभवी माणूस आकड्याच्या मागचा स्रोत पाहतो: पोलीस अधीक्षकांनी सांगितला की ‘सूत्रांनी’? १५ जानेवारी २०१९ ला, संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात नर्मदेच्या पात्रात भाविकांची बोट उलटली. भुषाजवळच्या त्या काठापर्यंत पोहोचायलाच किती वेळ लागतो हे नकाशावरून कळत नाही. मोबाइलला रेंज मिळेल याचीही खात्री नसते. अशा ठिकाणची पहिली बातमी अपुरीच असणार. चांगली वृत्तसंस्था तिच्यात ‘अद्याप स्पष्ट नाही’ असे लिहिण्याचे धैर्य दाखवते आणि दर तासाला सुधारित मजकूर सोडते. वाईट संस्था पहिला ऐकीव आकडा ठोकून देते, आणि ती चूक राज्यातल्या सगळ्या शहर आवृत्त्यांत एकदम छापली जाते. सामायिक तारेची चूकही सामायिक असते. म्हणूनच पीटीआयच्या बातमीच्या शेवटी ती हाताळणाऱ्यांची आद्याक्षरे असतात. कोणी लिहिले, कोणी तपासले, ते संस्थेत शोधता येते.

पण ही सगळी पारख आलेल्या मजकुराची आहे. न आलेल्या बातमीला गुण देण्याची किंवा कापण्याची सोय तिच्यात नाही, आणि नंदुरबारच्या बाबतीत खरी परीक्षा तिथे आहे. दैनिके आणखी एक ढोबळ माप वापरतात: महिन्याभरात संस्थेचा किती मजकूर छापला? जास्त छापला तर वर्गणी वसूल. या मापाने क्रिकेट, शेअर बाजार आणि दिल्लीचे राजकारण नेहमी जिंकते. कुपोषणाची, वनहक्क दाव्यांची, ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबांच्या मुलांच्या शाळेची बातमी हरते, कारण ती एकेका दैनिकाला थोडीशीच लागते.

ग्राहकाच्या हातात शेवटचे माप पैशाचे. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या गॅनेट आणि मॅक्लॅची या मोठ्या वृत्तपत्र-साखळ्यांनी असोसिएटेड प्रेसचा मजकूर घेणे थांबवले. तो पैसा स्वतःच्या बातमीदारीला लावू, असे त्यांचे म्हणणे. भारतात २०२० च्या जूनमध्ये, गलवानच्या संघर्षानंतर, पीटीआयच्या वार्तांकनावर नाराज होऊन सार्वजनिक प्रसारणसंस्था प्रसार भारतीने तिला कडक पत्र लिहिले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिची आणि यूएनआयची वर्गणी बंद केली. पुढे यूएनआय दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याच्याही आधी, आणीबाणीत, १९७६ मध्ये सरकारने पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चौघींना एकत्र करून ‘समाचार’ नावाची एकच संस्था केली होती. १९७८ मध्ये ती मोडून जुन्या संस्था परत उभ्या राहिल्या. मोठा ग्राहक सरकार असेल आणि वृत्तपत्रे-मालक गप्प असतील, तर तारेची पारख सरकारच्या सोयीने होते. याला उत्तर एकच दिसते: वर्गणी देणारी आणि बातमी देणारी वृत्तपत्रे जास्त असणे.

भाषेचा प्रश्न याला जोडूनच येतो. पीटीआयची सेवा इंग्रजीत आहे, १९८६ पासून ‘भाषा’ या नावाने हिंदीतही. मराठी डेस्क त्यावरून बातमी उतरवते. नंदुरबारचा वार्ताहर मराठीत बोलतो, मुंबईत त्याचे इंग्रजी होते, आणि ते इंग्रजी जळगावला परत मराठीत येते. या प्रवासात तळोद्याचा ‘ळ’ गळतो, मोलगीचे काहीही होऊ शकते, आणि भिल्ल, पावरा, मावची यांतला फरक ‘आदिवासी’ या एका शब्दात बुडतो. २०११ च्या जनगणनेनुसार ज्या जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत, तिथे हा फरक म्हणजे अर्धी बातमी आहे. दादासाहेब आपटे यांनी १९४८ मध्ये मुंबईत हिंदुस्थान समाचार सुरू केली ती भारतीय भाषांतून बातम्या देण्यासाठी. गरज तेव्हाही ओळखलेली होती. आज पी. साईनाथ यांच्या ‘परी’ या संकेतस्थळावर ग्रामीण भारताच्या कहाण्या मराठीसह अनेक भाषांत येतात, आणि काम करायची ही पद्धत मला आशा देते. पण ती रोजची तार नव्हे.

रोजची तार जिल्ह्याजिल्ह्यांत आडवी बांधता येईल. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली, पालघर या भागांतल्या वाचकांना एकमेकांच्या बातम्या दिल्लीच्या बातम्यांपेक्षा जास्त लागतात. पेसा कायद्याखाली एखाद्या ग्रामसभेने तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः केला, तर ते अक्कलकुव्याला आठवड्याभरात कळले पाहिजे. एकाच आवृत्तीसमूहाच्या दैनिकांना तर यासाठी नव्या संस्थेचीही गरज नाही: जिल्हा पानावरच्या पाच बातम्या रोज एका सामायिक फोल्डरमध्ये टाकायच्या, प्रत्येकीखाली वार्ताहराचे नाव आणि दुसऱ्या जिल्ह्यात ती लागली तर त्याचे वेगळे मानधन. मानधन नसेल तर दुसऱ्या दिवसापासून फोल्डर रिकामा राहील, याबद्दल मला शंका नाही. महिन्याच्या शेवटी संपादकांनी दोन याद्या शेजारी ठेवायच्या: काय वर गेले आणि काय गावातच राहिले. नंदुरबारसाठी या तारेला एक फाटा सुरतेकडेही हवा. ऊसतोडीला बारडोलीच्या बाजूला गेलेल्या मजुरांचा टेम्पो उलटला, तर जखमी गुजरातच्या रुग्णालयात असतात, बातमी आधी गुजरातीत येते, आणि त्यांची नावे शोधणारे नातेवाईक धडगाव-तळोद्यात असतात.